पानगळीपासून आगमनकाळापर्यंत : हेर्नहूटमधील दोन महिने

४ ऑक्टोबर, शुक्रवार

ड्रेस्डेनहून रेल्वेने ल्योबाऊ आणि तेथून बसने हेर्नहूट असा शेवटचा टप्पा संपला, तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात, पोलंड आणि चेक या देशांच्या सीमांजवळ वसलेले हे लहानसे गाव मोरेव्हियन मंडळीचे, म्हणजे आजच्या चेक देशातील मोरेव्हियातून आलेल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे, मूळ ठिकाण आहे. लेह येथे १८८५ साली याच मंडळीने मिशन सुरू केले. त्या मिशनसंबंधीचे जुने कागद येथील अभिलेखागारात वाचता यावेत म्हणून मी दोन महिन्यांची रजा काढून आले आहे. हे कारण खरे असले तरी पुरते नाही. जूनमध्ये, पाऊस नुकताच लागला असताना, बाबा गेले. दफनविधीनंतर चार दिवसही झाले नव्हते तोच ‘ते प्रभूजवळ आहेत, आता रडायचे नाही’ असे सांगणारी माणसे भेटू लागली. जे मी स्वतः मनापासून मानते तेच इतक्या घाईने ऐकावे लागल्यामुळे असेल, पण माझी प्रार्थना त्या आठवड्यात थांबली ती थांबलीच. उपासनेला जात होते, वचन वाचत होते, मात्र स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलणे होत नव्हते.

ज्या घरात खोली मिळाली आहे तेथील आजींनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांनी दार उघडले, माझ्या पायांतील पातळ बुटांकडे पाहिले आणि इंग्रजीत म्हणाल्या, “हे ऑक्टोबरपुरते चालतील. नोव्हेंबरचे आपण उद्या बघू.”

६ ऑक्टोबर, रविवार

आज येथे कापणीचा सण होता. आजींबरोबर शेजारच्या बेर्टेल्सडोर्फ गावातील चर्चमध्ये गेले. मोरेव्हियन मंडळीच्या इतिहासात या चर्चला मोठे स्थान आहे. मोरेव्हियातून छळामुळे पळून आलेल्या कुटुंबांना काउंट त्सिन्त्सेनडोर्फ यांनी १७२२ मध्ये आपल्या जमिनीवर आसरा दिला; पुढे त्या वसाहतीत मतभेद विकोपाला गेले आणि १३ ऑगस्ट १७२७ रोजी याच चर्चमधील प्रभुभोजनाच्या वेळी ती सारी माणसे पुन्हा एक झाली. आज वेदीपुढे गव्हाच्या पेंढ्या, सफरचंदे, भोपळे, माती न झाडलेले बटाटे आणि एक मोठी भाकर ठेवली होती.

पाळकांनी उत्पत्तीच्या आठव्या अध्यायातील बाविसावे वचन वाचले. जलप्रलयानंतर देव नोहाच्या काळी जे अभिवचन देतो, त्यात पेरणी आणि कापणी यांच्याबरोबर थंडी आणि ऊन, उन्हाळा आणि हिवाळा, दिवस आणि रात्र हेही आहे. पृथ्वी आहे तोवर यांतले काहीच थांबणार नाही, असे ते वचन सांगते. लहानपणापासून हे वचन मी कापणीचे आश्वासन म्हणूनच ऐकत आले होते. आज प्रथमच ध्यानात आले, की त्या यादीत थंडीलाही जागा आहे. हिवाळा अभिवचनाच्या आड येत नाही. तो अभिवचनाच्या आत आहे. चर्चमधून परतताना हा विचार मी बराच वेळ मनात धरून ठेवला, पण त्याने समाधान झाले असे म्हणता येणार नाही. आत आहे म्हणजे नेमका कशासाठी आहे, हे काही उलगडले नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

न्याहारीपूर्वी आजी एका छोट्या निळ्या पुस्तकातून त्या दिवसाचे वचन मोठ्याने वाचतात. १७२८ मध्ये त्सिन्त्सेनडोर्फ यांनी रोज एक वचन घरोघरी पोहोचवायला सुरुवात केली आणि १७३१ पासून वर्षभराची वचने छापली जाऊ लागली. जुन्या करारातील वचन आजही येथे चिठ्ठी काढून ठरते आणि नव्या करारातील वचन त्याला साजेसे निवडले जाते. चिठ्ठीने निघालेले वचन आपल्या मनःस्थितीशी जुळेलच असे नाही. मला तेच बरे वाटते, कारण गेले चार महिने मी फक्त स्वतःला हवी ती वचने शोधत होते.

१२ ऑक्टोबर, शनिवार

अभिलेखागार बंद असल्यामुळे आज हूटबेर्ग या टेकडीवर गेले. टेकडीच्या उतारावर मंडळीची दफनभूमी आहे. तिला येथे गॉट्टेसआकर म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘देवाचे शेत’. दारावर ख्रिस्त मेलेल्यांतून उठला आहे, अशा अर्थाचा लेख आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातील तेच वचन पुढे ख्रिस्ताला निद्रिस्तांतील प्रथमफळ म्हणते. मागच्या रविवारी वेदीपुढे मांडलेल्या पेंढ्या पाहिल्यानंतर ‘प्रथमफळ’ हा शब्द मला पूर्वीसारखा नुसता धर्मशास्त्रीय राहिला नाही.

येथील कबरींवर उभे क्रूस नाहीत, संगमरवरी पुतळे नाहीत. गवतात आडवे बसवलेले एकाच घडणीचे सपाट दगड ओळींमागून ओळींत आहेत. धाकटा-थोरला, श्रीमंत-गरीब हा भेद दगडावरून कळत नाही. फक्त त्सिन्त्सेनडोर्फ कुटुंबाच्या कबरी मध्यभागी उंच बांधलेल्या आहेत. बांधव एका बाजूला आणि भगिनी दुसऱ्या बाजूला विसावलेल्या आहेत. मृत्यूच्या तारखेआधी ‘वारला’ असे न लिहिता ‘घरी गेला’ असे लिहिण्याची या मंडळीची रीत आहे. १७३२ पासून पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे सारी मंडळी पितळी वाद्यांच्या सुरांत येथे जमते आणि सूर्योदयाबरोबर उपासना करते.

लिंडनच्या झाडांखालून चालताना पिवळ्या पानांचा अखंड, अगदी हलका आवाज येत होता. वारा नव्हता. एकेक पान स्वतःच सुटत होते. एक वृद्ध माणूस लोखंडी दात्यांच्या फावड्याने दगडांवरची पाने ओढत होता. तो ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीचे दगड पुन्हा झाकले जात आणि तो पुन्हा तेथून सुरुवात करी. त्याला घाई नव्हती आणि कंटाळाही दिसला नाही. यशया म्हणतो की आपण सारे पानासारखे कोमेजलो आहोत. पहिले स्तोत्र म्हणते की देवाच्या नियमशास्त्रात रमणाऱ्याचे पान कोमेजत नाही. ही दोन्ही वचने एकाच ग्रंथातली, आणि माझ्यासमोर दगडांखाली झोपलेली माणसे तर आयुष्यभर त्या नियमशास्त्रात रमलेली. मग त्यांची पाने का गळाली? हा प्रश्न मी देवाला विचारला, हे नंतर लक्षात आले. जूननंतर त्याच्याशी बोललेले ते पहिले वाक्य होते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज पुन्हा त्याच झाडांपाशी गेले. आजी सोबत होत्या. गावातील बागांची निगा राखण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे, हे मला आजच कळले. उरलेल्या पानांपैकी एक सहज ओढून काढावे म्हणून मी हात पुढे केला, तेव्हा त्या म्हणाल्या, “आधी देठाच्या वर बघ.”

देठ जेथे फांदीला चिकटला होता, बरोबर त्याच्या वरच्या बेचक्यात एक डोळा होता. आपले शेतकरी उसाच्या कांडीवरच्या कोंबाला ज्या अर्थाने डोळा म्हणतात तोच हा डोळा. तांबूस, तुळतुळीत, गव्हाच्या दाण्यापेक्षा किंचित मोठा आणि एका अंगाला थोडा झुकलेला. बाहेरून दोनच खवले दिसत होते. त्यांतला एक मोठा, दुसरा लहान. आजींनी बोटाने देठ खाली दाबला. पान न फाटता सुटले आणि त्याच्या जागी एक कोरडा, गुळगुळीत व्रण राहिला. तेथून रसाचा थेंबही आला नाही. झाड आधीच तयारी करून ठेवते, असे त्यांनी सांगितले. दिवस लहान होऊ लागले, थंडी पडू लागली, की देठाच्या मुळाशी पेशींचा एक सुटा थर तयार होतो आणि त्यामागची जखम बुचासारख्या थराने बंद होते. पानातले हरितद्रव्य मोडून त्यातले उपयोगी घटक झाड खोडाकडे ओढून घेते. आणि आधीपासून पानातच असलेला, पण हिरव्याने झाकलेला पिवळा रंग तेव्हा उघडा पडतो.

“आणि हा डोळा कधी आला?” मी विचारले.

“उन्हाळ्यात. पान हिरवे होते तेव्हाच. नीट बघशील तर पुढच्या वर्षाचे पान आत घडी घालून ठेवलेले आहे.”

मला वाटत होते, पान गळल्यानंतर केव्हातरी, वसंतात, त्याची भरपाई म्हणून नवे पान येते. तसे नाही. नवे पान आधी येते, जुने नंतर गळते. जुने पान सावली देत असताना, कोणाचे लक्ष नसताना, त्याच्याच बेचक्यात पुढचे पान घडत असते. पुनरुत्थानाची आशा म्हणजे मृत्यूनंतर देवाने केलेली सारवासारव आहे, असे मी कधी उघडपणे म्हटले नसते, परंतु जूनपासून मनाच्या तळाशी मी तिला तसेच धरले होते. गमावलेल्या गोष्टीच्या बदल्यात पुढे काहीतरी मिळेल, असा तो हिशेब होता, आणि बाबांच्या बदल्यात मला काहीच नको होते. योहानाच्या अकराव्या अध्यायात मार्था आपला भाऊ शेवटल्या दिवशी उठेल असे म्हणते, तेव्हा येशू तिला तारीख सांगत नाही. पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे, असे वर्तमानकाळात म्हणतो. तिचा भाऊ लाजर तेव्हा अजून कबरेत आहे आणि घरातला शोक अजून सरलेला नाही.

ते पान आणि तो व्रण मी खूप वेळ बघत उभी राहिले. आजी थांबून राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

पहाटे घड्याळे एक तास मागे गेली. दुपारच्या चहाचे पाणी उकळेपर्यंत अंधारू लागले आणि पाच वाजण्यापूर्वी सूर्य मावळला. मी मनातून खचले, हे कबूल करते. अंधाराची ही सवय मला नाही. सायंकाळी दिवा न लावता काही वेळ बसले आणि स्तोत्रसंहितेतील पाठ असलेली स्तोत्रे एकामागून एक म्हणत गेले. एकशे एकोणचाळिसावे स्तोत्र देवाला अंधारही अंधार वाटत नाही असे म्हणते, तेथवर आल्यावर झोप लागली.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

धर्मसुधारणेचा दिवस, त्यामुळे सॅक्सनीत सुट्टी. ल्यूथरने १५१७ मध्ये आपली पंचाण्णव मते मांडली, त्याची ही आठवण. मोरेव्हियन मंडळीची मुळे मात्र त्याहून जुनी आहेत. १४१५ मध्ये जिवंत जाळल्या गेलेल्या यान हुस यांच्या अनुयायांतून १४५७ मध्ये आजच्या चेक देशातील बोहेमियात बांधवांची मंडळी उभी राहिली. १६२० मध्ये तेथील प्रोटेस्टंटांचा कॅथलिक सम्राटाच्या सैन्याकडून पराभव झाल्यानंतर तिच्यावर बंदी आली, माणसे देशोधडीला लागली, आणि मागे राहिली त्यांनी शंभर वर्षे आपला विश्वास घरांच्या भिंतींआड, कुजबुजत्या आवाजात मुलांना शिकवला. त्या काळाला या मंडळीच्या इतिहासात ‘लपलेले बीज’ असे नाव आहे. त्या बिजातूनच १७२२ मध्ये सुतार क्रिस्टियान डाव्हिड आणि त्याचे सोबती सीमा ओलांडून येथे आले. १७ जून १७२२ रोजी त्याने येथील पहिले झाड तोडले.

तो शब्द डोक्यात घेऊन मी बेर्टेल्सडोर्फच्या वाटेवरील शेतापाशी थांबले. काळ्या मातीतून बोटभर उंचीच्या हिरव्या रेषा निघाल्या होत्या. कापणीचा सण होऊन महिनाही झाला नव्हता आणि पुढचा गहू उगवून आला होता. ट्रॅक्टर बांधाला लावून डबा खात बसलेल्या शेतकऱ्याला मी मोडक्या जर्मनमध्ये विचारले, की आता बर्फ पडेल, मग हा गहू मरणार नाही का. त्याने हसून सांगितले, की थंडी मिळाली नाही तरच खरी काळजी. हिवाळी गव्हाला कित्येक आठवडे थंडी सोसावी लागते. तशी थंडी न मिळालेला गहू पात्यांनी फोफावतो, पण ओंबी धरत नाही.

गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो, हे येशूचे बोल मी दफनविधींत किती वेळा ऐकले असतील. ते बोलताना येशू स्वतःच्या मरणाबद्दल बोलत होता आणि त्याच श्वासात आपला जीव व्याकूळ झाला आहे असेही म्हणाला होता. योहानाच्या बाराव्या अध्यायात ही दोन वचने जवळजवळ आहेत, पण सांत्वन करणारे पहिले सांगतात आणि दुसरे सोडून देतात. त्या शेताकाठी मी दोन्ही वाचली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

एक गोष्ट येथे नोंदवणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. पानगळ, बर्फ आणि वसंत हे ऋतुचक्र म्हणजेच ख्रिस्ती विश्वासाचे ऋतुचक्र, असा समज येथे राहताना सहज होऊ शकतो, आणि तो चुकीचा आहे. येशू ज्या भूमीत चालला तेथे वर्षाचे दोन मोठे भाग पडतात, पावसाचा आणि कोरडा. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धीराचे उदाहरण देतो ते पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे. ते चित्र मृगाची वाट पाहणाऱ्यांना जितके कळते तितके या गावाला कळणार नाही. दक्षिण गोलार्धातील मंडळ्या तर पुनरुत्थानाचा सण पानगळीत साजरा करतात. ऋतू विश्वासाचा पुरावा होत नाहीत. ज्याच्यावर विश्वास आहे त्याचा हात ओळखायला ते शिकवतात, आणि परका ऋतू अधिक शिकवतो एवढ्याचसाठी, की ओळखीच्या ऋतूत आपण बघणे सोडून दिलेले असते. जूनचा पाऊस मी पन्नास वर्षे पाहिला. तो पडल्यावर कोरड्या मातीखाली आधीपासून थांबलेले बी उगवते, हे मी कधी थांबून पाहिले नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

संत मार्टिनचा दिवस. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपल्या झग्याचा अर्धा भाग कापून देणाऱ्या रोमन सैनिकाची ही आठवण. अंधार पडताच मुले कागदी कंदील घेऊन निघाली. माझ्याकडे कंदील नाही हे पाहून एका चिमुरडीने आपल्या कंदिलाच्या काठीचे दुसरे टोक मला धरायला दिले आणि आम्ही दोघी कोपऱ्यापर्यंत तशाच चाललो.

२० नोव्हेंबर, बुधवार

पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा दिवस. जर्मनीत आता केवळ सॅक्सनीमध्येच या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. लिंडनची झाडे पूर्ण रिकामी झाली आहेत. आता त्यांच्यामधून आकाश दिसते आणि टेकडीवरून पलीकडच्या डोंगरांची ओळ दिसते, जी ऑक्टोबरमध्ये पानांमागे होती. मी खूप वेळ प्रार्थना केली. ज्यांनी मला घाईने शांत करू पाहिले त्यांच्यावर पाच महिने धरलेला राग मी आज नावे घेऊन देवापुढे ठेवला. त्यांच्यापैकी दोघांची स्वतःची माणसेही अलीकडच्या काळात गेली होती, हे नावे घेतानाच आठवले.

२४ नोव्हेंबर, रविवार

ख्रिस्ती वर्षाचा हा शेवटचा रविवार. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिश विल्हेल्म याने १८१६ मध्ये मृतांच्या स्मरणासाठी हा दिवस नेमला. ‘मृतांचा रविवार’ हे नाव अजून चालते, पण पुष्कळ जण आता याला ‘अनंतकाळाचा रविवार’ म्हणतात. वर्षभरात वारलेल्यांची नावे या दिवशी वाचली जातात.

सकाळी दवाने गोठलेल्या रस्त्याने बेर्टेल्सडोर्फच्या चर्चमध्ये गेलो. जेथे कापणीच्या सणाला पेंढ्या आणि भोपळे होते, तेथे आज एका टेबलावर वाळू पसरलेली होती आणि बाजूला बारीक मेणबत्त्या ठेवल्या होत्या. पाळक एकेक नाव आणि वय वाचत. घरचे कोणीतरी उठून मोठ्या मेणबत्तीवरून लहान मेणबत्ती पेटवी आणि वाळूत रोवी. कोणी काही बोलत नव्हते. एक तरुण जोडपे उठले, तेव्हा पाळकांनी वय वर्षांत न सांगता दिवसांत सांगितले.

शेवटचे नाव झाल्यावर पाळक थोडे थांबले. त्यांनी हातातील कागद डोळ्यांजवळ नेला आणि अगदी सावकाश, एकेक अक्षर जपून उच्चारत, माझ्या बाबांचे नाव वाचले. ‘ळ’चा ‘ल’ झाला, आडनावाचा मधला स्वर लांबला, तरी ते नाव बाबांचेच होते. आजींनी परवा त्यांच्या नावाचे स्पेलिंग मला का विचारले होते, ते तेव्हा कळले. त्यांनी माझ्या कोपराला हात लावला. मी उठले. मेणबत्ती पेटवताना माझा हात इतका थरथरला, की वात दोनदा विझली; मागून त्या तरुण जोडप्यातील बाई आली आणि तिने माझी मेणबत्ती खालून धरून ठेवली. वाळूत रोवून मी जागेवर आले आणि रडले. जूनमध्ये रडायचे राहिले होते. कोणी थांबवले नाही.

उपासनेनंतर पाळकांचे मी आभार मानले. त्यांनी विचारले, “उच्चार फार चुकला का?”

“नाही,” मी म्हटले, “बाबांना कळला असेल.”

१ डिसेंबर, रविवार

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या वाट पाहण्याच्या काळाचा, पहिला रविवार. येथून मंडळीचे नवे वर्ष. हे नवे वर्ष वर्षातल्या सर्वांत अंधाऱ्या दिवसांत सुरू होते. दिवस आता सव्वाआठ तासांचा आहे आणि चारच्या आत सूर्य मावळतो.

दुपारी आजींनी माळ्यावरून एक चपटे खोके काढले. त्यात हेर्नहूटची तारका होती, कागदाची, पिवळट आणि घड्यांवर झिजलेली. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जवळच्या नीस्की येथील मोरेव्हियन शाळेच्या वसतिगृहात अशा तारका प्रथम तयार झाल्या. आईबापांपासून दूर, मिशनक्षेत्रांतून शिकायला पाठवलेली मुलेही तेथे राहत. तारकेला सतरा चौकोनी आणि आठ त्रिकोणी अशी पंचवीस टोके असतात. सव्विसावी जागा दिव्यासाठी मोकळी सोडलेली असते. प्रत्येक टोकाच्या कडा शेजारच्या टोकाच्या कडांशी पितळी पिनांनी जोडायच्या. पिन छिद्रातून घालून तिचे दोन पाय आतल्या बाजूला वाकवावे लागतात, आणि शेवटची दोन-तीन टोके जोडताना आत हात जाईनासा होतो. आम्हांला दोन तास लागले. एका टोकाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने काढलेली अक्षरे होती. आजींच्या यजमानांची, असे त्यांनी सांगितले. ते जाऊन अकरा वर्षे झाली.

संध्याकाळी यशयाच्या नवव्या अध्यायातील अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिल्याचे वचन वाचून आजींनी दिवा लावला. पेन्सिलीची अक्षरे कागदातून आरपार, उलटी दिसू लागली.

४ डिसेंबर, बुधवार

आज निघायचे. संत बार्बाराच्या या दिवशी येथे चेरीच्या डहाळ्या कापून घरात पाण्यात ठेवतात. त्या नाताळाच्या सुमाराला फुलतात. आजी पहाटेच अंगणात गेल्या होत्या. मी बॅग घेऊन खाली आले तेव्हा त्या स्वयंपाकघरात डहाळ्यांची खालची टोके तिरकी कापत होत्या.

“थंडी पुरेशी पडली का यंदा?” मी विचारले.

“पडली. बर्फच पडले नसते तर मी या डहाळ्या एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवल्या असत्या. थंडी लागल्याशिवाय या उघडत नाहीत.”

सहा डहाळ्या त्यांनी निळ्या जगमध्ये घातल्या आणि जग खिडकीत, तारकेच्या खाली ठेवला. नेहमीप्रमाणे निळे पुस्तक काढून आजचे वचन वाचले, आणि मग म्हणाल्या, “आज प्रार्थना तू कर. तुझ्या भाषेत.” मी मराठीत प्रार्थना केली. बाबांचे नाव घेतले, आजींच्या यजमानांचे घेतले, त्या तरुण जोडप्याच्या बाळाचे घेतले. ‘आमेन’ त्यांनी माझ्याबरोबर म्हटले.

बसला अजून दहा मिनिटे होती. बूट चढवताना मी सर्वांत जाड डहाळीवरचे डोळे मोजले. चौदा होते, सगळे मिटलेले.